खाली आहेस का?

मंगळवारी दुपारी साडेतीन वाजता महूहून लष्कराचे दोन अधिकारी आले. मी कॉलेजच्या लायब्ररीत होते. दार आईने उघडलं. त्यांनी तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. चार वाजून दहा मिनिटांनी शेजारच्या काकूंनी मला फोन केला आणि म्हणाल्या, "घर आ जाओ बेटा." मी घरी आले. तू सकाळीच गेला होतास.

हे लिहायला बसायला मला अडीच महिने लागले, ओंकार. पहिल्या आठवड्यात छत्रीबागेतल्या आपल्या गल्लीत इतकी माणसं आली की दूधवाला गाडी तोंडाशीच लावून चालत यायचा. तुझा हुद्दा, तुझी शाळा, तुझं वय, सगळं वर्तमानपत्रात छापून आलं. येणारा प्रत्येक जण मला सांगायचा, "ताई, तुम्हाला गर्व असला पाहिजे." आणि मी मनातल्या मनात म्हणायचे, गर्व नाही, अभिमान. गर्व हिंदीत चांगला असतो, मराठीत वाईट. तुझ्या तेराव्यालासुद्धा मी लोकांचे शब्द तपासत होते. तुला हसू आलं असतं. "ही काही सुधरणार नाही," असं तू म्हणाला असतास, आणि त्या 'सुधरणार'चंही मी 'सुधारणार' केलं असतं.

हा हट्ट मुळात बाबांचा. पणजोबा संस्थानच्या दफ्तरात कारकून म्हणून इकडे आले, तेव्हापासून चार पिढ्या माळव्यात गेल्या, पण घरात मराठी स्वच्छ बोलली गेली पाहिजे, असं बाबा म्हणत. ते गेले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास आणि मी वीस. त्यांची पुस्तकं मी घेतली, त्यांची लाल पेन्सिल घेतली, आणि हट्टही घेतला. तुझ्या वाट्याला वडील म्हणून मी आले, म्हणजे खरं तर मास्तर म्हणून आले.

बॅट घेऊन तू अंगणात उभा राहायचास आणि ओरडायचास, "ताई, खाली आहेस का?"

मी माझ्या खोलीतून उत्तर द्यायचे, "नाही, वर आहे."

"अरे यार! खाली म्हणजे फ्री!"

"मग मोकळी आहेस का, असं विचार."

"मोकळी आहेस का?"

"नाही. वाचतेय."

पुढे तो आपला ठरलेला खेळच झाला. प्रशिक्षणाला गेलास, पोस्टिंगवर गेलास, जागेचं नावसुद्धा सांगता येत नाही अशा ठिकाणी गेलास. तिथून इंग्रजी अक्षरांत मेसेज यायचा, खाली आहेस का? मी लिहायचे, नाही, वर आहे. मग दोन मिनिटांत फोन वाजायचा. तू कधी 'हॅलो' म्हणाला नाहीस. "उतर खाली," एवढंच म्हणायचास.

इंग्रजी अक्षरांत का, ते मला माहीत आहे. त्याबद्दल आपण कधी बोललो नाही, म्हणून आज बोलते.

तू सहावीत होतास. शाळेत मराठी नव्हती, म्हणून दर रविवारी मी तुझ्याकडून एक पान लिहून घ्यायचे. त्या रविवारचा विषय होता 'माझी आई'. तू लिहिलंस, "आई माझ्यासाठी दिवसभर चेष्टा करते." हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, धडपड. तुला म्हणायचं होतं, आई माझ्यासाठी दिवसभर राबते. पण मराठीत ती आई दिवसभर तुझी थट्टा करत बसली. पुण्याची आत्या आलेली होती. मी ते पान सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. आत्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. आईसुद्धा हसली. तू वही उचललीस आणि आत गेलास. पुढच्या रविवारी पान कोरं होतं. त्याच्या पुढच्याही. त्यानंतर तू माझ्याशी मराठीत खूप बोललास, भांडलास, गाणीसुद्धा म्हटलीस, पण देवनागरीत मराठीचं एक अक्षर लिहिलं नाहीस. मला वाटलं, कंटाळा केलास. लाज वाटली असेल, हे माझ्या लक्षात यायला तुझी ट्रंक घरी यावी लागली.

त्या ट्रंकेकडे येते. आधी महूचे दिवस सांगू दे, कारण ते चांगले होते.

महूला कोर्स होता तेव्हा तू दर शनिवारी दोन-तीन मित्र घेऊन यायचास. आई आठ जणांचा स्वयंपाक करायची आणि तो चौघांतच संपायचा. सगळे आईच्या पाया पडायचे आणि माझ्यापुढे जरा जपून उभे राहायचे, कारण तू त्यांना दारातच सांगून ठेवलेलं असायचं, "ये मेरी दीदी. इनके सामने सँभल के बोलना, ग्रामर का चालान काटती हैं." एकदा त्यांतल्या एकाने घाबरत घाबरत मला 'आपण जेवला का' असं विचारलं. तू मागे उभा राहून तोंडावर रुमाल धरला होतास. मी त्याला म्हटलं, "शाबास." तो गेल्यावर तू म्हणालास, "त्याला शाबास? मला सत्तावीस वर्षांत एकदा पण नाही." सत्तावीस तर तुला तेव्हा पूर्णही झाली नव्हती.

खरंच नाही म्हटलं मी कधी.

शेवटच्या सुट्टीत आपण राजवाड्याजवळ गराडूच्या कंदाचे तळलेले, मसालेदार काप खायला गेलो होतो. थंडी होती, संध्याकाळचे सहा वाजले असतील. तू नेहमीसारखा बोलत नव्हतास. मी विचारलं, "तिकडे काय चाललंय?"

"मूव्हमेंट आहे थोडी."

"मूव्हमेंट म्हणजे?"

"म्हणजे मूव्हमेंट, ताई."

"तुम्ही लोक साधे शब्द का वापरत नाही? गोळीबार होतो, माणसं मरतात. तसं म्हणा ना."

तू हातातली काडी द्रोणात ठेवलीस. "तू शब्दच पकडतेस. मी काय बोलून राहिलोय, ते पण ऐकत जा ना कभी."

"मग नीट बोल."

तू द्रोण माझ्याकडे सरकवलास. मग म्हणालास, "जाऊ दे. गराडू ठंडे होतायत."

मी म्हटलं, "थंड."

"हां. थंड."

तुला काहीतरी सांगायचं होतं. मी एक अक्षर दुरुस्त केलं आणि तू गप्प झालास. ते भांडण तिथेच राहिलं. त्यात तुझं बरोबर होतं, हे मला मान्य आहे. तेव्हाही कळलं होतं, म्हणायला जमलं नाही.

आता सोमवार. मंगळवारच्या आदल्या दिवशीचा.

लायब्ररीत पुस्तकांची वार्षिक पडताळणी चालू होती. मी यादी घेऊन मांडणीसमोर उभी होते. दुपारी दोनच्या सुमाराला तुझा मेसेज आला. खाली आहेस का? बातम्यांमध्ये सहा दिवसांपासून तोफांचाच आवाज होता आणि तुझा काही निरोप नव्हता. मेसेज पाहून मला खूप बरं वाटलं. मी लिहिलं, "नाही, वर आहे. संध्याकाळी बोलू." तू हसणारा चेहरा पाठवलास आणि लिहिलंस, "ओके ओके, बाद में."

मला वेळ होता, ओंकार. पडताळणी थांबली असती तर कोणाचं काही बिघडलं नसतं. ती ओळ पूर्ण करायची होती, एवढंच. तू जिवंत आहेस हे कळलं आणि मी परत कामाला लागले. संध्याकाळी मी फोन हातात घेऊन बसले. तो वाजला नाही.

बारा दिवसांनी तुझे सुभेदार साहेब ट्रंक घेऊन आले. गढवालचे, पन्नाशीला आलेले. खुर्चीच्या कडेवर बसले आणि त्यांनी पाणीही दोन्ही हातांनी घेतलं. आईने एकच प्रश्न विचारला, "अकेला था?"

"नहीं माताजी. मैं था. हाथ मेरे हाथ में था."

आईने मान हलवली आणि आत जाऊन त्यांच्यासाठी पोळ्या करायला घेतल्या. मग ते माझ्याकडे वळले. म्हणाले, "सोमवार को साहब पोस्ट से नीचे बेस पर आए थे. नेटवर्क नीचे ही आता है. बोले, सुभेदार साहब, घर में एक शब्द पूछना है. काफी देर बैठे. फिर बोले, दीदी काम में हैं, शाम को पूछ लूँगा. शाम को नीचे आना नहीं हुआ."

म्हणजे त्या दिवशी खाली तू होतास. वर मी होते.

कोणता शब्द, ते ट्रंकेतल्या तुझ्या डायरीत सापडलं. घडी घातलेला एक कागद. देवनागरीत, तुझ्या अक्षरात, मराठीत. पंधरा वर्षांत मी तुझं मराठी अक्षर पाहिलं नव्हतं. ते अजून सहावीतलंच होतं, 'ळ' उलटा वळवलेला. वर सोमवारची तारीख.

"आदरणीय आई, सादर नमस्कार. मी समाधानचा कंपनी कमांडर आहे. तो मला मराठी शिकवत होता. शनिवारी तो गेला तेव्हा मी त्याच्या जवळ होतो. तो एकटा नव्हता. मी त्याला वाचवायची पूर्ण कोशिश"

'कोशिश' खोडलेलं होतं. पुढे लिहिलं होतं 'चेष्टा'. त्याच्याभोवती पेन्सिलीने गोल, आणि समासात एकच शब्द: "ताई?"

तिथे पत्र थांबलं होतं.

समाधानबद्दल तू फोनवर बोलला होतास. तुझ्या तुकडीत मराठी बोलणारा तो एकटाच. कुठे अडलास तर त्याला विचारायचास. आता त्याच्याच आईला लिहायचं होतं आणि विचारायला तो नव्हता. 'प्रयत्न' हा साधा शब्द तुला का सुचला नसेल, याचा मी पुष्कळ विचार केला. दोन दिवस झोप नसलेल्या माणसाला साधे शब्द सुचत नसतील. तुला फक्त एवढं आठवलं की या शब्दावरून कधीतरी घर हसलं होतं. आणि एका आईला, मी तुमच्या मुलाला वाचवायची चेष्टा केली, असं चुकूनही लिहायचं नव्हतं. म्हणून तू डोंगर उतरून मला विचारायला आलास.

त्याच दिवशी मी ठरवलं की हे पत्र ज्यांचं आहे त्यांना द्यायचं.

आई म्हणाली, "नाही."

"आई, ते समाधानच्या आईला लिहिलंय."

"वर काय लिहिलंय? आई लिहिलंय ना? मग माझं आहे."

तिने कागद उशीच्या खोळीत घातला. मी रोज सकाळी चहा देताना विचारायचे आणि ती रोज नाही म्हणायची. कधी चिडून, कधी नुसती मान हलवून. एकदा म्हणाली, "माझ्या मुलाचं शेवटचं अक्षर आहे ते. तुला काय, तुझ्याकडे पुस्तकं आहेत." आठवड्याने म्हणाली, "त्यांना झेरॉक्स दे." मी म्हटलं, "तुला झेरॉक्स चालली असती?" ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिच्यावर जबरदस्ती करायची नाही, हे मी ठरवलं होतं. आणि विचारणं थांबवायचं नाही, हेही.

सोळाव्या दिवशी चहाचा कप घेताना ती म्हणाली, "बस कितीची आहे?"

"कुठली?"

"तिकडची. मी पण येते. बघू दे मला, कोण ती दुसरी आई."

मी म्हटलं, निदान एक फोटो काढून ठेवते. ती म्हणाली, "द्यायचं तर पूर्ण द्यायचं." म्हणून फोटोसुद्धा नाही.

आम्ही सकाळच्या बसने निघालो. बऱ्हाणपूरला गाडी बदलली. महाराष्ट्राची हद्द ओलांडली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतात. आई सगळा वेळ पर्स मांडीवर धरून बसली होती. मी मनाशी एक योजना केली होती: वाचून दाखवायची वेळ आली तर त्या जागी गुपचूप 'प्रयत्न' वाचायचं. कोणाला कळणारही नाही.

समाधानच्या आई, लीलाबाई, घराच्या ओट्यावरच बसल्या होत्या. सुभेदार साहेबांनी त्यांना फोन केला होता. उन्हाने रापलेल्या, आईपेक्षा दहा वर्षांनी लहान असतील. "या माय," म्हणाल्या, आणि आईचा हात धरून तिला आपल्या शेजारी बसवलं. आईने पर्स उघडली, कागद काढला आणि स्वतःच्या हाताने त्यांना दिला. त्यांनी तो उलगडला, अक्षरावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे दिला. "तुम्ही वाचा. मला नाही येत."

मी वाचू लागले. "मी त्याला वाचवायची पूर्ण..." आणि थांबले. तो गोल समोर होता. समासात तू मला हाक मारत होतास.

"काय झालं? अक्षर लागत नाही का?"

"लागतं," मी म्हटलं. "इथे त्याला शब्द अडला होता. मला विचारायचा होता त्याला. राहिलं."

लीलाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "मंग सांगा ना आता."

मी म्हटलं, "प्रयत्न." मग अख्खं वाक्य वाचलं, "त्याला वाचवायचा पूर्ण प्रयत्न केला." इतकं सोपं होतं ते, ओंकार. सोमवारी दोन सेकंद लागले असते.

पण लीलाबाई त्या वाक्यापाशी थांबल्याच नाहीत. म्हणाल्या, "आधीचं वाचा. एकटा नव्हता, ते." मी वाचलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. तिसऱ्यांदा मी वाचलं तेव्हा त्यांचेही ओठ हलत होते. तो एकटा नव्हता. त्या वाक्यात एकही चूक नव्हती. ज्या शब्दासाठी तू डोंगर उतरलास, त्याच्या आधीच तू सांगायचं ते सांगून मोकळा झाला होतास. शाबास, ओम्या.

मग लीलाबाई आईला म्हणाल्या, "अन् तुमच्या लेकाजवळ कोण होतं?"

"सुभेदार होते," आई म्हणाली. "हात धरून होते."

"हाव. मंग झालं."

नंतर चहा झाला. चहा पिताना लीलाबाईंना अचानक हसू आलं, पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "समाधान फोनवर सांगे, आमच्या सायबाची मराठी लई गमतीची. साहेब विचारतात, समाधान, खाली आहेस का? हा म्हणे, नाही साहेब, वर चौकीत आहे. मंग साहेब इतके हसत, इतके हसत. म्हणे, माझी बहीण पण असंच म्हणते."

आईने माझ्याकडे पाहिलं. मी कपात पाहत होते.

इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुला टोकते आणि तू सहन करतोस. तू तर ते बरोबर घेऊन गेला होतास. एका माणसाशी तेवढ्यावर मैत्री केलीस.

निघताना लीलाबाईंनी पत्र पत्र्याच्या डब्यात, समाधानच्या फोटोखाली ठेवलं. परतीच्या बसमध्ये आईला झोप लागली. पर्स सीटवर बाजूला पडली होती.

घरी आल्यावर मी माझं टेबल वरच्या खोलीतून खालच्या खोलीत आणलं. आईला जिने चढवत नाहीत, हे एक कारण. लीलाबाईंचे फोन येतात, कधी कुठल्या कागदात काय लिहिलंय ते विचारायला, कधी नुसतेच. त्या 'मंग' म्हणतात, 'हो'ला 'हाव' म्हणतात. मी दुरुस्त करत नाही, ऐकते. पहिल्या दिवशी जड गेलं, आता जमतं. कॉलेजात कोणी काही विचारायला आलं की हातातली यादी बाजूला ठेवते. हे नियम मी माझ्यासाठी केले आहेत आणि ते पाळणार आहे.

तुझी ट्रंक आईच्या खोलीत आहे. पत्र त्यांच्याकडे आहे. तुझा सोमवारचा मेसेज माझ्या फोनमध्ये आहे, त्याच्या खाली माझं उत्तर आहे आणि त्याच्या खाली तुझा हसणारा चेहरा. त्यातलं काही मी पुसणार नाही. फक्त उत्तर बदलते.

ओंकार, मी खाली आहे.